डब्यातली दुर्बीण

परवा ऑफिसच्या टूरसाठी बॅग भरत होतो. लिमिट सात किलो. लॅपटॉप, चार्जर, शूज आणि आईचे लाडू. काहीतरी काढणं भाग होतं. (शूज गेले. लाडवांना हात लावायची कुणाची हिंमत?) तर असली भांडणं करण्यातच काही लोकांचं करिअर जातं. ते गॅमा किरणांच्या दुर्बिणी बनवतात. दहा सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात मावणाऱ्या!

दुर्बीण म्हटलं की आपल्याला भिंग आठवतं. इथे भिंगाची भानगडच नाही, कारण हे किरण भिंगाला जुमानत नाहीत, सरळ आरपार जातात. मग एक जड स्फटिक ठेवायचा. किरण त्यात अडकला की बारीकसा प्रकाश चमकतो, तो मोजायचा. पूर्वी या मोजणीला हजारेक व्होल्टची काचेची नळी लागायची. आता नखाएवढे सिलिकॉन सेन्सर पुरतात, म्हणून तर सगळं डब्यात मावलं.

मार्च २०२१ मध्ये हंगेरी, स्लोवाकिया, चेक आणि जपानच्या मंडळींनी असाच ‘जीआरबीअल्फा’ पाठवला. स्फटिक ७५ बाय ७५ मिलिमीटर, जाडी फक्त ५. बाथरूमच्या टाइलचा तुकडा समजा. पण गोची अशी, की अवकाशातले प्रोटॉन सेन्सरची वाट लावतात. नॉइज वाढतो, कमी ऊर्जेचे किरण त्यात हरवतात. उपाय म्हणजे शिसं. आणि शिसं म्हणजे वजन! शेवटी सेन्सरपुढे अडीच मिलिमीटरची पट्टी बसली. त्या अडीच मिलिमीटरसाठी झालेल्या मीटिंग्ज मला बघायच्या होत्या, खरंच.

मग ९ ऑक्टोबर २०२२ उजाडला. दहा हजार वर्षांतून एकदाच दिसावा असा गॅमा स्फोट झाला आणि बहुतेक मोठ्या उपग्रहांचे डिटेक्टर दिपून गेले, मोजणीच गंडली. आपल्या टाइलवर मुळात किरणच कमी पडले, त्यामुळे तिचा हिशेब शेवटपर्यंत चोख!

नेहमी नशीब असं साथ देत नाही. नासाचा ‘बर्स्टक्यूब’ एप्रिल २०२४ मध्ये अंतराळ स्थानकातून सोडला. आकार बुटाच्या खोक्याएवढा, डिटेक्टर चार. त्यावर राबलेले बरेच जण विद्यार्थी किंवा करिअरच्या सुरुवातीला असलेले, म्हणजे आपल्यासारखेच. दोनपैकी एक सोलर पॅनल पूर्ण उघडलं नाही. ते नेमकं तारे बघून दिशा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याच्या आड आलं. हवेला कमीत कमी अंग दाखवत उडणं जमेना, कक्षा भराभर घसरली. वर्ष-दीड वर्षाचा प्लॅन सप्टेंबरातच आटोपला.

पण त्याआधी, २९ जूनला, त्यानं एक स्फोट टिपला होता.