यादी कुणाची, जबाबदारी कुणाची?

मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाची धडकीच भरते. पण या विषयाचा खुलासा मला मावशीपुढे मराठीतच करावा लागला होता, म्हणून इथेही मराठीतच. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपल्या होस्टेलमध्ये एक यादी फिरते. 'पुण्यात काय बघाल, कुठे बसाल'. कुठल्यातरी जुन्या बॅचने ती केली, पुढच्या प्रत्येक बॅचने खाली चार नावं जोडली आणि ज्युनिअर्सच्या गळ्यात मारली. वरती शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग, सिंहगड. खाली कोरेगाव पार्क, कल्याणीनगर आणि मुंढव्यातल्या पबची चौदा नावं, काहींपुढे तर स्टारसुद्धा! कुणाचा भाऊ, कुणाची मैत्रीण पुण्यात आली की आपण ती फॉरवर्ड करतो आणि पाहुणचारातून मोकळे होतो. मीही तेच केलं.

गेल्या वर्षी माझा मावसभाऊ अमरावतीहून एका परीक्षेसाठी आला. वय १९. माझं सबमिशन अगदी गळ्याशी आलेलं, म्हणून म्हटलं, "तू फिर रे, मी यादी पाठवते." त्याने वरचं सोडून खालचं वाचलं. आमच्या ओळखीची दोन मुलं सोबत गेली. दारात वय कुणी विचारलं नाही. रात्री दीडला तिघं एकाच बाइकवरून परत येत होते, नदीकाठच्या रस्त्यावर बाइक घसरली. त्या दोघांचं खरचटण्यावर निभावलं, माझ्या भावाच्या गळपट्टीचं हाड मोडलं. उजवा हात झोळीत, परीक्षा हुकली, वर्ष गेलं. मावशी मिळेल त्या गाडीने आली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "तू गेली होती का गं तिथे कधी?"

नव्हते गेले. चौदातल्या एकाही ठिकाणी नाही. त्या स्टारपैकी एकही माझा नव्हता.

आता कुणी म्हणेल, आपण काय गाइड आहोत का? ज्याने त्याने आपलं बघावं. मलाही आधी असंच वाटलं होतं. पण विचार करा, नवख्या गावात माणूस कशाच्या भरवशावर फिरतो? त्याला नाव सांगणाऱ्या माणसाच्या. 'माझी ताई तिथेच शिकते, तिने पाठवलंय,' हे त्याने त्या रात्री कितीदा म्हटलं असेल कुणास ठाऊक. आपण जर्नल कॉपी करतो ना, तशीच ही यादी कॉपी करत आलोय. कॉपी केलेल्या रीडिंगने फार तर व्हायवामध्ये फजिती होते. इथे हाड मोडतं.

गैरसमज नको. मी पबच्या विरोधात नाही, संस्कृती बुडाली म्हणून गळा काढणाऱ्यांतली तर मुळीच नाही. पण आपल्या यादीत एक साधी गोष्ट कुठेच लिहिलेली नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि दारूसाठी २५. म्हणजे होस्टेलमधल्या बहुतेकांना यातलं काहीच कायद्याने चालत नाही. मी स्वतः वीसची. मग ज्या दारातून मला आत जायचा हक्क नाही, तिथली शिफारस मी कुठल्या तोंडाने करते? '२५चा नियम हास्यास्पद आहे' हे मलाही पटतं, त्यावर वेगळा लेख लिहू. पण नियम आवडत नाही म्हणून तो पाहुण्यापासून लपवायचा, हे बरं नाही.

आणि हे फक्त माझ्या भावापुरतं नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीच्या धडकेत बाइकवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. दोघंही २४ वर्षांचे. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी तो मित्रांबरोबर पबमध्ये होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही दिवस आपल्या मेसमध्ये दुसरा विषय नव्हता. पण यादी? ती तशीच फिरत राहिली!

या यादीतली दुसरी चूक मला भाऊ बरा झाल्यावर कळली. हात झोळीतून निघाला आणि तो पुन्हा पुण्याला आला. या वेळी मी यादी पाठवली नाही, दोन दिवस काढून स्वतः सोबत फिरले. तेव्हा लक्षात आलं, पुणं हे नदीचं गाव आहे आणि आपल्या यादीत नदीच नाही!

आम्ही लकडी पुलापासून सुरुवात केली. पुलाच्या नावात लाकूड, पुलात आज एक फळीही नाही. खाली भिडे पूल, खडकवासल्यातून पाणी सोडलं की पाण्याखाली जाणारा, म्हणून दर पावसाळ्यात पेपरात येणारा. मग झेड ब्रिज, त्याची ख्याती मी सांगायला नको (भावाने तिथे माझ्याकडे संशयाने पाहिलं). पुढे काठावर पेशवेकाळातलं ओंकारेश्वर, तिथेच चिमाजी अप्पांची समाधी. याच काठावर १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेलं पाणी पेठांमध्ये शिरलं होतं. सिव्हिलवाल्यांनो, हे तुमच्या सिलॅबसपेक्षा फार दूर नाही.

मग संगम. मुळा आणि मुठा इथे भेटतात आणि पुढे मुळा-मुठा या जोडनावाने वाहतात. पुढे बंडगार्डनचा जुना दगडी पूल, त्यावरचे सिंह. पलीकडे येरवड्याला आगाखान पॅलेस, १८९२ सालचा. १९४२ च्या 'छोडो भारत'नंतर गांधीजींना इथेच कैदेत ठेवलं होतं. महादेवभाई देसाई इथे गेले, २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबाही इथेच गेल्या. दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. भाऊ तिथे बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, त्या रात्री आम्ही इथूनच गेलो होतो." खरंच! कल्याणीनगर तिथून हाकेच्या अंतरावर. यादीने त्याला तिथवर नेलं, पण हे दाखवलं नाही.

नदीला वास येतो, हेही सांगते. शहराचं सांडपाणी तिच्यात जातं आणि पुलावर थांबलं की नाकाला रुमाल लावावा लागतो. पाहुण्यापासून हे लपवायचं कशाला? आपण इंजिनिअर होणार आहोत. घरातली गळकी भिंतही दाखवावी.

संध्याकाळी डेक्कनला येऊन गुडलकमध्ये बनमस्का आणि चहा घेतला. १९३५ पासूनचं ठिकाण. चहाने पबची हौस भागते, असं मी म्हणणार नाही. भाऊसुद्धा म्हणाला नाही. त्याला डान्स फ्लोअर बघायचा होता, तो कधीतरी बघेलच. पण आम्ही तिथे पोटभर गप्पा मारल्या, ओरडावं लागलं नाही आणि माझ्या गेट टाइमच्या आत परत आलो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. जुनी यादी पुसून टाका. नवी करा, पण प्रत्येक नावापुढे चार रकाने ठेवा: स्वतः कोण जाऊन आलं, कधी, खर्च किती आणि रात्री परत यायचं कसं. पबचं नाव घालायचं तर घाला, पण घालणारा त्या वयाचा हवा आणि पुढे स्वच्छ लिहा: बिअर २१, दारू २५. पब रंगात येतात तेव्हा मेट्रो बंद होत आलेली असते, म्हणून रिक्षाचे पैसे आधी बाजूला काढा, हेही लिहा. ज्याचा शेवटचा रकाना रिकामा, ते नाव यादीत नको.

रेक्टर मॅडम, पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये आम्ही नाव, गाव, नातं सगळं लिहितो. 'पाहुणा रात्री कुठे जाणार आणि कुणाबरोबर' असा एक रकाना तिथेही वाढवता आला तर बघा. मुलं कुरकुरतील. पहिली कुरकूर माझीच असेल. पण मावशीच्या प्रश्नाला पुढच्या वेळी तरी मला 'हो, गेले होते' असं उत्तर देता यायला हवं.