तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर नव्हे!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या क्लासवाल्यांशी आहे, आणि थोडं आपल्यासारख्या पालकांशीही.

मी मीना अब्दुल्लाला रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. मंगाफ-फहाहीलच्या पट्ट्यात राहणारी आपली बहुतेक मराठी कुटुंबं मुलांना पुण्या-मुंबईच्या गुरुजींकडे किंवा ताईंकडे ऑनलाइन गाणं शिकवतात. इथले साडेपाच म्हणजे तिथले आठ, दोघांनाही सोयीची वेळ. फी वेळेवर जाते, प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या गोष्टी होतात. आणि वर्षभरानं ताई सांगतात, "दम कमी पडतोय, लय कच्ची आहे, आवाजात चढउतार नाही."

माझं म्हणणं एवढंच, की या तीन तक्रारींपैकी किती मुलाच्या आणि किती सॉफ्टवेअरच्या, हे कुणी तपासलंय का?

आधी दम घ्या. झूम किंवा मीट मुळात ऑफिसच्या मीटिंगसाठी बनलेलं आहे. त्यांच्या हिशेबी माणसाचं बोलणं तुटक असतं. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो पंखा नाहीतर एसी, म्हणजे कचरा, सबब गाळून टाका! आता एकसारखा चालू राहणारा आवाज आपल्याकडे कुठला? तानपुरा. आणि मुलानं लावलेला लांब 'सा'. पोरगं इथे पंधरा सेकंद स्वर धरून बसलेलं असतं, तिकडे तो पाचव्या सेकंदाला विरतो. ताईंना वाटतं, दम तुटला.

चढउताराचं तेच. आवाज हळू झाला की सॉफ्टवेअर तो आपोआप वाढवतं, मोठा झाला की दाबतं. मुलानं कितीही जीव तोडून गायलं तरी पलीकडे सगळं सपाट.

आता लय. कुवेत ते मुंबई सरळ रेषेत सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जायला १४ मिलिसेकंद आणि यायला तेवढेच. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही, शिवाय दोन्हीकडचे संगणक आवाज साठवून, आवळून पाठवतात. जाऊन-येऊन पाव सेकंद सहज जातो. तीनताल मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत धरला तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे पाव सेकंद झाला अर्धी मात्रा! ताईंनी तिकडे ठेका धरला, पोरानं इकडे तो ऐकून बिनचूक समेवर गायलं, तरी ताईंना ते अर्धी मात्रा मागेच ऐकू येणार. आणि बोलणी कुणाला? पोराला.

आमच्या धंद्यात याला डेड टाइम म्हणतात. लूपमध्ये डेड टाइम असला तर कंट्रोलर कितीही ट्यून करा, तो जात नाही. तो आहे असं धरूनच रचना करावी लागते. आणि बिघाड ट्रान्समीटरमध्ये असताना ऑपरेटरला झापलं तर आमच्याकडे चौकशी लागते. इथे मात्र आठ वर्षांच्या मुलाला "तुला ताल नाही" असं सांगून मोकळे होतात. मूल ते आयुष्यभर खरं मानतं, ही त्यातली वाईट गोष्ट.

बरं, उपाय महाग आहे का? मुळीच नाही. लोक मात्र भलतीकडेच पैसे घालतात. माझ्या माहितीतल्या एका 'ऑनलाइन गुरुकुला'नं पालकांना महागडा माइक घ्यायला लावला आणि झूमची ती एक खूण मात्र कुणी लावलीच नाही. म्हणजे गाळीव आवाज आता महाग माइकातून! त्याच वर्गात वीस मुलं आणि सगळी म्यूट. शिक्षकानं ऐकलंच नाही तर त्याला शिकवणं म्हणायचं की टीव्ही?

झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड' असा पर्याय आहे. तो दोन्ही बाजूंनी चालू करायचा. हेडफोन लावून एको कॅन्सलेशन बंद करायचं. हेडफोन वायरचा हवा. ब्लूटूथचा आधीच उशीर करतो, आणि त्याचाच माइक वापरला तर आवाज टेलिफोनसारखा होतो. तानपुरा आणि ठेका मुलाच्याच खोलीत, दुसऱ्या फोनवर. काळी चार म्हणजे दोन्हीकडे तीच काळी चार, ट्यूनिंगचा काटा न हलवता. गुरुजींनी एक ओळ गायची आणि थांबायचं, मग मुलानं गायची. एकत्र गायचा अट्टहास नको. आठवड्यातून एकदा मुलानं फोनवर रेकॉर्ड करून फाइल पाठवायची. ती नेटवर्कच्या चाळणीतून गेलेली नसते, त्यामुळे खरा आवाज आणि खरी लय त्यातच कळते.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आम्ही कलाकार, आम्हाला ते तांत्रिक कळत नाही." हे मला मान्य नाही. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीनं कलकत्त्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा तीन मिनिटांच्या तबकडीत राग मांडायचं तंत्र तिनं आत्मसात केलंच ना? पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गुरुगृहातलं गाणं चारचौघांच्या वर्गात आणलं. जागा बदलली तशी शिकवायची पद्धत बदलली. गंमत बघा, ज्या स्काइपवर परदेशातली कितीतरी पोरं गाणं शिकली, ते बंद झालं तेही ५ मेलाच, २०२५ साली. साधनं येतात आणि जातात. जे हातात आहे ते समजून घेणं हा शिकवण्याचाच भाग आहे.

समोर बसून शिकण्याची सर याला नाही, हे मलाही कळतं. पण मिरजेचा तानपुरा रोज मंगाफला येऊ शकत नाही, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं गाणं होत नाही. इथल्या मुलांना हेच दार उघडं आहे. ते निदान नीट उघडा.

तेव्हा पालकहो, पुढची फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. पहिला तास आवाजाच्या जुळणीसाठी देणार का? माझं मूल एकटं किती मिनिटं ऐकणार? आणि त्याची लय कशावरून जोखणार, थेट वर्गावरून की रेकॉर्डिंगवरून? उत्तरं देता आली नाहीत तर दुसरे गुरुजी शोधा. फी दिनारात जाते म्हणून नव्हे, पोराचा कान एकदाच घडतो म्हणून.