दिवा लागला म्हणजे निदान झालं का?

खराडी बायपासवर सकाळी आमच्या मुलांची डिझेल व्हॅन मुंगीच्या पावलांनी सरकते. मध्यंतरी तिचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला, कोड आला पी०४०१, म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा. सल्ला लगेच मिळाला: "व्हॉल्व्ह बदला, नाहीतर पत्रा लावून बंदच करून टाकू!"

माझ्या मते इथेच घाई होते. ईजीआर थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडतो. त्यात ऑक्सिजन कमी, म्हणून ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडं कमी तयार होतात. कोड प्रवाह कमी आहे एवढंच सांगतो, का कमी आहे ते नाही. काजळीने व्हॉल्व्ह अडकला असेल, नळी तुंबली असेल किंवा वायरच तुटली असेल. आठवीच्या वर्गात हे फळ्यावर काढलं तर एकाने विचारलं, "सर, सेन्सरच खोटं बोलत असेल तर?" बरोबर आहे त्याचं! आधी स्कॅनरवरून व्हॉल्व्ह हलतो का पाहावं, मग तो खोलून बघावा. आमच्या व्हॅनचं काम साफसफाईवरच भागलं.

पत्रा लावूनही गाडी पळते हो, पण ते वायू शाळेच्या फाटकापाशी, आपल्याच मुलांच्या नाकाशी सुटतात. पालकहो, व्हॅनवाल्या काकांना एकदा विचाराच, ईजीआर चालू आहे ना?