ऐंशीची मर्यादा आणि मासळीची घाई

मालवण बंदरावरचा लिलाव आटोपून बांगडे, सुरमई आणि सरंगे बर्फाच्या थरांत रचले गेल्यावर ज्या डिझेल पिकअप गाड्या चौके-कट्ट्यावरून कसालच्या दिशेने निघतात, त्यांच्या चालकांपाशी दोन घटका बोलत बसले, की डिझेलचा दर, पासिंगचा खर्च, रस्त्यावर बसणारी गुरे अशी वळणे घेत घेत संभाषण शेवटी गव्हर्नरवर येऊन ठेपते. केंद्र सरकारने 15 एप्रिल 2015 च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 118 व्या नियमात दुरुस्ती केली आणि 1 ऑक्टोबर 2015 पासून तयार होणाऱ्या मालवाहू वाहनांना, काही अपवाद वगळून, ताशी 80 किलोमीटरच्या पुढे जाऊ न देणारे हे वेगनियंत्रक यंत्र, म्हणजेच गव्हर्नर, सक्तीचे केले. इंजिनात दम असताना सरकारने उगाच त्याच्या गळ्यात लोढणे अडकवले, ही या धंद्यातील सार्वत्रिक भावना आहे. ती प्रामाणिक आहे, यात शंका नाही. परंतु ती यंत्राच्या प्रकृतीविषयीच्या अज्ञानातून आलेली आहे, असे माझे मत आहे.

कारण डिझेलचे इंजिन जन्मापासून नियंत्रकाच्या ताब्यात राहूनच जगत आलेले आहे. पेट्रोलच्या पारंपरिक इंजिनात चालक पाय उचलतो तेव्हा आत जाणारी हवाच अडते आणि इंजिन आपोआप आवरले जाते. रुडॉल्फ डिझेल याने 1897 साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात मात्र हवा मुक्तपणे आत घेतली जाते, दाबून इतकी तप्त केली जाते की ठिणगीवाचून इंधनाने पेट घ्यावा, आणि शक्तीचे सर्व नियमन आत सोडलेल्या इंधनाच्या मात्रेवर अवलंबून राहते. अशा इंजिनावरील भार एकाएकी उतरला आणि इंधनाची धार तशीच चालू राहिली, तर फेरे वाढत जाऊन अखेर पिस्टन, रॉड आणि व्हॉल्व्ह यांचा एकच चुराडा होतो. म्हणूनच जुन्या इंधनपंपांत फिरत्या वजनांचा गव्हर्नर असे आणि आजच्या बीएस-6 गाडीत तेच काम संगणक करतो. ऐंशीची मर्यादा नव्हती तेव्हाही फेऱ्यांची मर्यादा होतीच, आणि ती सरकारने नव्हे, कारखानदाराने घातलेली होती.

आपल्याकडे जिकडेतिकडे दिसणाऱ्या अडीच लिटरच्या पिकअपचे उदाहरण घ्या. तिचे इंजिन कमाल शक्ती मिनिटाला 3200 फेऱ्यांच्या सुमारास देते, तर मेकॅनिक ज्याला टॉर्क म्हणतात ती ओढ 1400 ते 2200 फेऱ्यांच्या दरम्यान सर्वाधिक असते. चाकाचा परीघ 2.2 मीटर आणि वरच्या गिअरात चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाचे 3.6 फेरे, असा ढोबळ हिशेब मांडला, तर 3200 फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी 117 किलोमीटर येतो, आणि ताशी 80 किलोमीटरला इंजिन 2200 फेऱ्यांच्या आसपास फिरत असते. म्हणजे कायद्याने जेथे रेघ ओढली आहे, तेथेच या इंजिनाचा उत्तम पल्ला संपतो. त्यापुढे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. ऐंशीवरून शंभरावर गेलेल्या गाडीला दीडपटीहून अधिक विरोध सोसावा लागतो, ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते, आणि या दोहोंची किंमत गाडीचा मालकच मोजतो.

बरे, एवढे करून वेळ तरी किती वाचतो? कोल्हापूरच्या बाजाराला निघालेली गाडी कसालपर्यंत वळणांच्या रस्त्याने येते. तेथून कणकवलीपर्यंत वीसेक किलोमीटर चौपदरी महामार्ग लाभतो, आणि मग फोंडाघाट व राधानगरी. या साऱ्या प्रवासात ऐंशीच्या वर जाण्याची जागा असलीच तर त्या वीस किलोमीटरांत, आणि तेथे ऐंशीऐवजी शंभराने गाडी हाकली, तर पंधराऐवजी बारा मिनिटे लागतील. तीन मिनिटे! गोव्याकडे जाणाऱ्यास कुडाळ ते बांदा या टप्प्यात पाचसहा मिनिटे मिळतील. एवढ्यासाठी पासिंगपुरता गव्हर्नर जोडायचा आणि दाखला हाती पडताच वायर काढून ठेवायची, हा उद्योग मला व्यवहारचतुर कोकणी माणसाला न शोभणारा वाटतो.

चालकांचा एक आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. एखादा लांब ट्रेलर ओलांडताना गाडी ऐंशीवर अडते आणि दोन्ही वाहने पुष्कळ अंतर शेजारी शेजारी धावत राहतात. मागून येणारा मोटारवाला शिव्या देतो, आणि पुढे मिडलकट, म्हणजे दुभाजकातील वळणाची फट, असला तर प्रसंग धोक्याचा होतो. परंतु त्यावरचा उपाय ओलांडण्याचा मोह आवरणे हा आहे. दुपदरी रस्त्यावर तर हा प्रश्न उद्भवूच नये. कारण 6 एप्रिल 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे मालवाहू गाडीला चौपदरी रस्त्यावर 80 ची मुभा असली, तरी इतर रस्त्यांवर तिची मर्यादा 60 आहे. गव्हर्नरला हा भेद कळत नाही. मालवण-कसाल रस्त्यावर शाळेसमोरूनही तो ऐंशीपर्यंत बिनतक्रार जाऊ देतो. यंत्र बसवले म्हणजे बंदोबस्त झाला, अशी जी समजूत सरकारी दफ्तरांत रूढ झालेली दिसते, तिचा फोलपणा येथे उघड होतो.

घाटात तर तो अगदीच निरुपयोगी ठरतो. उतारावर गाडीला तिचे वजन पळवते, इंधन नव्हे; आणि जे इंधन येतच नाही ते गव्हर्नर तोडणार कशातून? कोल्हापूरहून भाजीपाला भरून परतणारा चालक चार पैशांचे डिझेल वाचविण्यासाठी करूळच्या किंवा फोंड्याच्या घाटात गाडी न्यूट्रलवर सोडतो, तेव्हा इंजिनाची रोध करण्याची शक्ती तो आपल्या हाताने दूर सारतो आणि सारा भार तापत चाललेल्या ब्रेकवर टाकतो. घाईघाईने फार खालचा गिअर टाकला, तर चाकेच इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात, आणि तो अपराध कोणताही गव्हर्नर थांबवू शकत नाही. चढताना ज्या गिअरात घाट चढलो त्याच गिअरात उतरावे, हा जुन्या ट्रकचालकांचा दंडक आजही खरा आहे.

मग ही घाई येते कोठून? बाजार उठण्यापूर्वी मासळी पोहोचली नाही तर दर पडतो, आणि दर पडला की त्याचा राग भाडे ठरविताना चालकावर निघतो. गाडीत बर्फ बेताचा, पेट्या साध्या, आणि वितळलेले पाणी रस्त्यावर सांडून मागच्या दुचाकीस्वाराला घसरवणारे. अशा व्यवस्थेत नासणाऱ्या मालाचे घड्याळ चालकाच्या उजव्या पायाला बांधलेले असते. हा मामला यंत्राने सुटणारा नाही. मासळीच्या व्यापाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी बर्फाचा एक थर वाढवावा, पाणी न गळणाऱ्या पेट्या घ्याव्यात, गाडी बंदरावरून अर्धा तास आधी सोडावी, आणि चालकाचे भाडे पोहोचण्याच्या मिनिटांवर ठरवणे बंद करावे. गव्हर्नर मात्र होता तेथेच राहू द्यावा.