वास नसलेल्या तेलाची निष्ठा

"याव एण्णे बेकु, अम्मा?" म्हैसूरजवळ हिनकलला लेकाकडे राहायला आल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पहिल्याच दिवशी विचारलं. मी सोलापूरची, कानडी कळतं. पण तेल कुठलं हवं म्हटल्यावर तोंडातून 'जेमिनी'च निघालं. ते त्याच्याकडं नव्हतं. त्यानं 'सनप्युअर'ची पिशवी पुढं सरकवली. कंपनी श्रीरंगपट्टणची, इथून वीसेक किलोमीटरवरची. आपल्याकडचं तेल, आणखी काय पाहिजे, असा त्याचा चेहरा.

मी ऐकते कसली! गावाकडून येणाऱ्याला पिशव्या आणायला लावायची. दुसऱ्या तेलात पुऱ्या फुगत नाहीत, असं माझं ठाम मत होतं.

शेवटी सुनेनं एका रविवारी चार वाट्या मांडल्या. तीन कंपन्यांचं रिफाइंड सूर्यफूल आणि चौथीत घाण्याचं शेंगदाणा तेल. पहिल्या तीन वाट्या मी हुंगल्या, चाखल्या, पुन्हा हुंगल्या. काही कळेना. कळणार कसं? रिफाइंड करताना तेलातून वाफ सोडून वासच काढून टाकतात. चौथी वाटी मात्र नाकाजवळ न्यावीच लागली नाही.

माझ्या माहेरी करडईचं तेल. ज्वारीच्या कडेनं करडई पेरायची, म्हणजे काट्यांमुळं जनावरं आत शिरत नाहीत. ते तेल घाण्यावरून कॅनमधून यायचं, त्याला नाव नव्हतं आणि फोडणी पडली की अंगणात कळायचं. त्या तेलावर निष्ठा असायला कारण होतं. पिशवीवरच्या सूर्यफुलावर कसली निष्ठा? २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, सूर्यफूल तेल महागलं, तेव्हा ती किती टिकली हे आपण पाहिलंच. मिळेल ते तेल घेऊन आलो आणि पुऱ्या फुगल्या.

ही निष्ठा किमतीपुढं टिकत नाही, हे कंपन्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. पण दुकानात शेजारी शेजारी सारख्याच दिसणाऱ्या दोन पिशव्यांपैकी एकीवर ९१० आणि दुसरीवर ८५० असं मी स्वतः वाचलंय. दुसरी आठ रुपयांनी स्वस्त, म्हणून बायका तीच उचलत होत्या. हिशेब केला तर किलोमागं तीच महाग पडत होती. ग्रॅममागं किंवा मिलिलिटरमागं किती पैसे पडतात, ते छापायचा नियम आहे. छापतातही, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. तो आकडा कंपनीच्या नावाएवढा मोठा छापायला लावा, एवढंच माझं मागणं. मग कोण किती एकनिष्ठ ते बघू.

परवा पिशवी उलटी करून मी चष्मा शोधत होते. दुकानदारानं काही न विचारता मोबाइलची बॅटरी लावून धरली.