मणक्यातील गाठ आणि एम.आर.आय.चा नकाशा



"मणक्याचे ऑपरेशन केले की माणूस लुळा पडतो," हे वाक्य पनवेलच्या वस्त्यांतून आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. या भीतीपायी माणसे दुखणे अंगावर काढतात, पाठ चोळून घेतात आणि पाय निकामी झाल्यावर इस्पितळ गाठतात. म्हणून या वेळी मज्जारज्जूतील गाठीविषयी चार शब्द.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरणारी नसांची जुडी. जाडी करंगळीएवढी, लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. हातापायांची हालचाल, स्पर्श, लघवी-संडासवरचा ताबा, सगळ्यांचे निरोप याच वाटेने जातात. वाट अरुंद, म्हणून कॅन्सर नसलेली साधी गाठसुद्धा दाब देऊन माणसाला पांगळे करू शकते.

१८८७ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सले या सर्जनांनी अशी गाठ यशस्वीपणे काढली. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता. अंग कुठून बधिर आहे, यावरून जागा ठरवली. पहिल्यांदा उघडले तेथे गाठ सापडली नाही. आणखी वर उघडले तेव्हा सापडली. रोगी पुढे चालू लागला.

आज हा शोध ऑपरेशनाच्या आधीच घेता येतो. एम.आर.आय. हे मोठे चुंबक असते, त्यात एक्स-रेचे किरण नसतात. गाठ कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत आहे, ती मज्जारज्जूला बाहेरून दाबते की आतच वाढली आहे, हे त्यात दिसते. गाठ नीट उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध देतात.

आणखी प्रगत तपासणी म्हणजे डिफ्युजन टेन्सर. नसांच्या धाग्यांतील पाणी धाग्याच्या दिशेने सहज सरकते, आडवे कमी सरकते. त्यावरून संगणक धाग्यांचा नकाशा काढतो. सुताच्या लडीत खडा अडकला तर धागे बाजूला सरतात आणि खडा अलगद निघतो. पण डिंक सांडला तर धागे न तोडता तो निघत नाही. एपेन्डिमोमा ही गाठ बहुधा खड्यासारखी, अ‍ॅस्ट्रोसायटोमा पुष्कळदा डिंकासारखी. गाठ पूर्ण काढायची की धोका न पत्करता थोडी ठेवायची, हा विचार सर्जनला आधी करता येतो.

मात्र हा नकाशा शेवटचा शब्द नव्हे. मज्जारज्जू बारीक, त्यात श्वासाने आणि नाडीच्या ठोक्याने हालणारा. चित्र चुकू शकते. म्हणून ऑपरेशन चालू असताना नसांचे काम यंत्रावर तपासत राहतात. गाठीची खरी जात तुकडा तपासल्यावरच कळते.

आता घरच्यांनी काय करावे? रात्री आडवे झाल्यावर वाढणारे पाठदुखणे, पायांत वाढती कमजोरी, बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, ही लक्षणे दिसली तर मालीश नको, डॉक्टर गाठा. लघवी अडली किंवा पाय अचानक लुळे पडले तर त्याच दिवशी. पेसमेकर असेल, अंगात धातूचा तुकडा असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तपासणीआधी सांगा. मंगळसूत्र, पिना, घड्याळ काढून ठेवा. फिल्म आणि सीडी जपून ठेवा. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर ऑपरेशन ठरत नाही.

खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन इस्पितळातील आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे आधी विचारा. परळचे के.ई.एम. १९२६ पासून गरिबांसाठी उभे आहे आणि टाटाचे खारघरचे कॅन्सर केंद्र तर आपल्याच पनवेल तालुक्यात आहे.

सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: "गाठ धाग्यांच्या बाजूला आहे की धाग्यांत मिसळली आहे?" आणि एवढे ध्यानात ठेवा. ऑपरेशनाच्या वेळी ज्याचे पाय चालत असतात, त्याचे पुढेही चालण्याची आशा सर्वांत जास्त. ऑपरेशनात धोका असतो हे खरे. पण उशीर त्याहून मोठा धोका ठरू शकतो.