न्हाणीघराचा उतार



बँकेच्या सेवेत असताना घरदुरुस्तीची अनेक कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. अंदाजपत्रकात ‘न्हाणीघराची फरशी बदलणे’ अशी ओळ दिसली की मी तिच्यापुढे खूण करून पुढच्या ओळीकडे वळत असे. त्या एका ओळीत किती घाम आणि किती वादविवाद दडलेले असतात, हे मला निवृत्तीनंतर भोरच्या आमच्या जुन्या घरात समजले.

गोष्ट गेल्या वर्षीच्या श्रावणातली. भोर-वेल्ह्याचा पाऊस आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले, पाऊस मात्र तोच राहिला. त्या चार महिन्यांत आमच्या न्हाणीघरातील शहाबादी फरशी कधी कोरडी होत नसे. तिच्या सांध्यांत शेवाळ धरले होते, आणि एका सकाळी आईचा पाय त्यावरून घसरला. वय वर्षे ८६. हाड मोडले नाही. मोडला तो तिचा धीर. ती दार उघडे ठेवून, सुनेचा हात धरून स्नान करू लागली. पुढे माझ्या लक्षात आले की दुपारी पाण्याचा तांब्या भरलेलाच राहतो. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “प्यायले की जावे लागते.”

मुलगा पुण्याहून म्हणाला, “बाबा, आजीला घेऊन तुम्ही इकडेच या.” त्याचे म्हणणे वावगे नव्हते. परंतु आईची ६५ वर्षे याच आळीत गेली आहेत. म्हणजे प्रश्न फरशीचा उरला नव्हता. हे घर आईला सांभाळू शकते की नाही, असा तो प्रश्न होता.

गवंडी मिळेना. चांगले कारागीर पुण्याकडच्या मोठ्या बांधकामांवर जातात. सहा फूट लांब, पाच फूट रुंद अशा खोलीसाठी कोण येणार? तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, आपल्याला काही वाडा बांधायचा नाही. आपणच करू.” मी हसलो. मग मला वाशीम जिल्ह्यातील कारखेडा गावचे दांपत्य आठवले. २०२० च्या टाळेबंदीत त्या पती-पत्नीने अवघ्या २१ दिवसांत २५ फूट विहीर खोदून पाणी लावले होते. पती व्यवसायाने गवंडी होता, आणि मी एम.कॉम. हा फरक सौ.ने मनावर घेतला नाही.

अक्षय्य तृतीयेनंतर काम सुरू केले. चातुर्मासापूर्वी ते संपवायचे होते. एक मर्यादा आम्ही पहिल्याच दिवशी आखून घेतली. विजेला हात लावायचा नाही. गीझरची जोडणी, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे सुरक्षा-यंत्र हे सारे परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घेतले. काटकसरीलाही सीमा असते.

जुनी फरशी निघाली तेव्हा खालची माती चिखलासारखी निघाली. स्वयंपाकघराच्या भिंतीला कायम ओल का येते, याचे उत्तर तेथे होते. तळ सुकू दिला, खडी-सिमेंटचा थर घातला आणि मग आला उतार. पाणी जाळीकडे धावावे म्हणून साधारण साठ फुटांस एक फूट उतार पुरेसा होतो. आमच्या सहा फुटांत तो सव्वा इंच भरला. मी कागदावर आकडेमोड केली, पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी घेतली आणि भिंतीवर खुणा केल्या. थर घातला. दुसऱ्या दिवशी तांब्याभर पाणी ओतले, ते निमूटपणे उंबऱ्याकडे निघाले! खुणा मी उलट्या वाचल्या होत्या. पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या माणसाने जमा नावे टाकली आणि नावे जमा. सौ. काही बोलली नाही. तिने छिन्नी-हातोडा माझ्या हाती दिला. ती दुरुस्ती-नोंद आम्हांला चार दिवसांची पडली.

दुसऱ्या खेपेस नळीची पातळी तिने वाचली, मी केवळ खुणा केल्या. या निमित्ताने एक गैरसमजही गेला. सिमेंट ‘वाळून’ घट्ट होते असे मी समजत होतो. वस्तुतः ते पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते, म्हणूनच त्यावर सात दिवस ओली पोती ठेवली.

आधाराच्या दांडीने पुन्हा कोडे घातले. आमच्या भिंती जुन्या, मातीच्या. त्यांत स्क्रू धरत नाही. म्हणून मुठीत बसेल अशी दीड इंची पोलादी नळी जमिनीतच रोवली. आडवी दांडी किती उंचीवर हवी, हे आईला उभे करून, तिचा हात सहज जेथे जाईल तेथे ठरवले. दांडी आधी रोवली आणि जलरोधक लेप नंतर दिला, कारण लेपानंतर छिद्र पाडणे म्हणजे ओलीला स्वतःहून आमंत्रण. लेपाचे दोन हात एकमेकांस आडवे दिले आणि भिंतीवर फूटभर चढवले.

मग जाळीत बोळा कोंबून ४८ तास पाणी साठवले. पाणी थोडे उतरले तर ते मुरले की उडाले, हे कसे कळावे? सौ.ने शेजारी पाण्याचे एक घमेले ठेवले. दोन्हींकडे पातळी सारखीच उतरली, तेव्हा निश्चिंत झालो. हा ताळा मला सुचला नव्हता.

वर एक फुटी, खरखरीत फरशी बसवली. लहान फरशीला सांधे अधिक, म्हणून पायाला पकड अधिक, आणि उतारही नीट साधतो. जुन्या टाकीतून प्रत्येक वेळी दहा लिटर पाणी जाई. नवीत सहा आणि तीन लिटरची दोन बटणे आहेत. दिवसातून दहा वापर, त्यांत दोन मोठे, असे धरले तर १०० ऐवजी ३६ लिटर लागतात. वर्षाला तेवीस हजार लिटरांहून अधिक बचत! भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणपर्यंत जाते, आणि धरणाच्या अंगणात राहणाऱ्या डोंगरावरच्या वाड्या उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरतात. ज्यांनी लहानपणी आजीला पाणी गाळताना पाहिले, त्यांना या बचतीचे मोल निराळे सांगायला नको.

शेवाळाला आपल्याकडे अनंतकाय मानतात. ते धरू द्यायचे आणि मग आम्लाने जाळायचे, यापेक्षा जमीन कोरडी ठेवून ते धरूच न देणे अधिक विवेकाचे. सव्वा इंचाचा उतार हे काम रोज, न बोलता करतो.

शेवटचा वाद दाराचा झाला. दार बाहेर उघडणारे केले, म्हणजे आत कोणी पडले तरी ते अडत नाही. सुरक्षेसाठी आतून कडी नकोच, असे माझे मत होते. आई प्रथमच बोलली, “कडी नसेल तर मी तशीच राहीन.” शेवटी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी कडी बसवली. आईला ते सांगितले. ती म्हणाली, “नाणे खिशात ठेव, पण घाई करू नकोस.”

आषाढातील पहिल्या झडीच्या दिवशी ती एकटी आत गेली. आम्ही दोघे बाहेर उभे. आतून कडी लागल्याचा आवाज आला, मग बादलीत पाणी पडल्याचा. सौ. स्वयंपाकघरात गेली, मी वर्तमानपत्र उघडले. त्या दुपारी आईने तांब्या रिकामा करून पुन्हा भरायला दिला.

हा खर्च भांडवली की महसुली, हे मी अद्याप ठरवलेले नाही. आपल्याही घरी कोणी वृद्ध असतील, तर आज एकदा त्यांच्या न्हाणीघरात अनवाणी उभे राहून पाहावे, आणि त्यांचा पाण्याचा तांब्या दिवसातून किती वेळा रिकामा होतो तेही पाहावे.